फुंकणी आणि विमान
पेट्रोलचा वास आला की मला लिंबागणेश गावातल्या सासरच्या घराचं अंगण आठवतं. गावात नुकताच केबल टीव्ही आला होता आणि त्यावर बघून धाकट्या दिराने विमान बनवायला घेतलं होतं. भंगारातून आणलेलं, आत तिकोनी चक्र फिरणारं इंजन त्याने पंखा लावून बाजेला बांधलं. जोर वाढावा म्हणून इंजनाची हवा ओढायची नळी तो थोडी थोडी कापत गेला, पण पंखा जोर धरेना. सासरे बाजेवर बसून म्हणाले, "माझ्यासकट बाज सरकली तर इंजन ठिव, न्हाई तर उद्या भंगारात." दीर रडकुंडीला आला. "वहिनी, नळी लईच आखूड झाली!" मी मान खाली घालून चुलीजवळची लोखंडी फुंकणी पुढे केली. ती जोडून नळी लांब होताच पंख्याने जोर धरला आणि बाज सासऱ्यांना घेऊन गोठ्याकडे निघाली. "आरं, बंद कर!" ते हसत ओरडले. विमान काही उडालं नाही, पण इंजन घरात राहिलं आणि फुंकणी त्या इंजनालाच जोडलेली राहिली. आता गॅस आहे, फुंकणी लागत नाही, तरी चहा ठेवताना ती आठवून हसू येतं.