होडीतला देव्हारा

दादा-वहिनी आता खाडीतल्या जुन्या शिडाच्या होडीवरच राहतात. दादाने कडेने कठडा लावला, डबे घरंगळू नयेत म्हणून फळ्यांना पट्ट्या ठोकल्या. होडी किनाऱ्यावर होती तेव्हाच वहिनीने देव्हारा पूर्वेकडे तोंड करून पक्का बसवून घेतला.

काल दिवेलागणीला मी तिथेच होतो. भरती लागली, होडी नांगराभोवती सावकाश फिरली आणि देव मावळतीकडे पाहू लागले.

"वहिनी, आता?"

"देव कुठे हललेत, भाऊजी? घर हललंय," म्हणत तिने वात सारली.

देव हलले की घर, मला कळेना. घरी आलो. तीस वर्षं जागचा न हललेला माझा फ्लॅट. देवासमोर डोळे मिटले, तर फरशी सावकाश फिरू लागली. मी घाबरून देव्हाराच घट्ट धरला.