अर्धं राहिलेलं भाषण

आमचा धंदा मांडवाचा. लग्न, बारसं, दहावं, कीर्तन, आणि निवडणूक आली की सभा. बांबू, कनाती, खुर्च्या, सतरंज्या, दोन भोंगे, एक माईक, आणि हे सगळं वाहायला एक खोकणारा टेम्पो. माझं माहेर धुळ्याकडचं, सासर इकडे जळगावच्या पूर्वेला, केळीच्या पट्ट्यात. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचायला मी सभांच्या बॅनरवर शिकले. अक्षरं मोठी असतात आणि चुकलं तर हसायला कोणी नसतं.

धंद्याच्या रीती मला आमच्या ह्यांनी शिकवल्या. आगाऊ पैशांचा इसार घेतला की मांडव उभा राहणार, मग समोर कोणीही असो. आणि कार्य अर्धवट राहिलं तर ते पुरं करून द्यायचं. एकदा एका लग्नात पंगत बसायच्या वेळेला अशी वावटळ आली की आमची कनात थेट शेजारच्या केळीच्या बागेत जाऊन पडली. वरणभातात माती. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच मांडव पुन्हा घातला, राहिलेली पंगत उठवली, आणि वर भाडं मागितलं नाही. वारा काही त्या मुलीच्या बापाने बोलावला नव्हता.

सभांचं म्हणाल तर आमच्याकडे सगळ्या रंगांच्या झालरी आहेत. सकाळी एक रंग, संध्याकाळी दुसरा. खुर्च्या तेवढ्या त्याच. पाठीवर आमचं नाव रंगवलेल्या त्या खुर्च्या सगळ्या पक्षांच्या लोकांनी मोडल्यात बरं का. झेंडे निराळे, मोडायची रीत एकच. आणि ज्यांनी काल मोडल्या, तेच आज आपल्या सभेत माईकवरून ओरडणार, "आमचा आवाज दाबला जातोय हो!" मी भोंग्याच्या बाजूला बसून ऐकत असते.

गेल्या निवडणुकीत एक निवृत्त गुरुजी अपक्ष उभे राहिले. वरच्या अंगाचे, सातपुड्याच्या पायथ्याशी कोरडवाहू गाव आहे तिथले. मोटारसायकलवर एकटेच आले, ओट्यावर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "अक्का, तुमच्या गावात सभा घ्यायची आहे."

"घ्या की. कशावर बोलणार?"

"पाण्यावर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. इसार घेतला.

सभेला गर्दी चांगली झाली. अपक्षाच्या सभेला लोक करमणूक म्हणूनही येतात. गुरुजींचं बोलणं शाळेतल्यासारखंच, सावकाश. म्हणाले, "केळी तुमची, मेहनत तुमची. पण खालचं पाणी एकट्या तुमचं नाही. तुम्ही बोअर जितकी खोल नेता, तितक्या आमच्या विहिरी कोरड्या पडतात. नवीन बोअर थांबवा, आणि जुन्यांना मोजमाप लावा. मी निवडून आलो तर पहिली हीच मागणी करीन."

केळीच्या गावात येऊन हे बोलायचं, म्हणजे लग्नात जाऊन नवरदेवाला नावं ठेवायची. मलाही राग आला, खोटं कशाला सांगू? आमचीही थोडी केळी आहे, बोअरवरचीच, आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही नवीन बोअर घ्यायचं धरलं होतं.

मागून कोणी ओरडलं, "ए मास्तर, खाली उतर!" मग शिट्या. मग पाण्याच्या बाटल्या. आणि मग एक खुर्ची हवेतून आली. गुरुजींच्या भुवईला तिचा पाय लागला आणि रक्त चष्म्यावर उतरलं. खुर्ची फेकणारा हात मी पाहिला. तो आमच्या पुतण्याचा होता. माझ्या दिराचा मुलगा, दोन लेकरांचा बाप, गावात मान असलेला माणूस.

राग आला की माझ्या तोंडात माहेरची अहिराणी येते. मी तिथूनच ओरडले, "माय वं! हाई काय करी ऱ्हायना तू? मास्तरनं डोकं फोडं ना तू!"

तेवढ्यात सगळेच उठले, आणि उठलेल्या माणसाच्या हाताला पहिली वस्तू लागते ती खुर्ची. पोलीस आले तेव्हा मांडवाची एक बाजू आडवी झालेली होती. गुरुजी स्टेजच्या पायरीवर रुमाल दाबून बसले होते. जमादाराने कागद काढला.

"कोणी मारलं? नाव सांगा."

"मला तक्रार नाही करायची," गुरुजी म्हणाले. "माझं भाषण अर्धं राहिलंय, तेवढं होऊ द्या."

"आता कसलं भाषण? घरी जा आणि टाके घाला."

डोकं फुटल्यावर तक्रार करावी असं माझं मत. पण डोकं त्यांचं होतं. दुसरी गोष्ट मात्र माझी होती. कार्य आमच्या मांडवात अर्धं राहिलं होतं. घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "ही वावटळच की. पंगत राहिलीय गुरुजींची."

ह्यांची कंबर जुनीच दुखरी, हे शेक घेत पडले होते. म्हणाले, "मी तुझीच वाट पाहत होतो, कधी म्हणतेस म्हणून."

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पुतण्या आला तो दारातूनच बोलत.

"काकू, खरं का हे? त्या मास्तरले परत मांडव देते तू?"

"देते. आणि आत येऊन बोल. दारातून भिकारी बोलतात."

तो आला, पण बसला नाही. "तुले काही कळतं का? तो आपल्या केळीवर उठला. उद्या बोअर बंद झाली तर तुह्या शेतात काय उगवीन, निवडुंग?"

"तेच मला त्यांना विचारायचंय. तू मध्येच खुर्ची फेकलीस, माझं विचारायचं राहून गेलं."

"मी एकट्यानं फेकली?"

"पहिली तू फेकलीस. आपल्याच घराचं नाव होतं पाठीवर, तेवढं तरी वाचायचं."

तो हळू आवाजात बोलला, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. "काकू, त्याले मांडव दिला तर पोरीच्या लग्नाले मले तुहा मांडव नको. तालुक्याहून आणीन."

त्याची मोठी पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढली. लहानपणी खुर्च्यांची आगगाडी करून खेळायची. तेव्हापासून मी तिला सांगत आले, तुझ्या लग्नाला मांडव माझा आणि झालर नवी. लग्न ठरलं तशी मी धुळ्याला जाऊन मोतिया रंगाचं कापड आणून ठेवलं होतं. हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो नेमकं तिथे बोलला.

मी म्हटलं, "आण तालुक्याहून. पण मास्तरांचं भाषण पुरं होणार."

तो गेल्यावर मी चहा टाकला आणि त्यात साखरेऐवजी मीठ घातलं. ह्यांनी कप पुरा केला.

मांडव पुन्हा घालायचं तर ठरलं, पण डोकी फुटायला नकोत. ह्यांनी अंथरुणावरून तोड काढली. "खुर्च्या नेऊच नकोस. सतरंज्या टाक. सतरंजीने कोणाचं डोकं फुटल्याचं मी ऐकलेलं नाही." आयुष्यभर मांडव घातले, पण इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. शिवाय माणूस मांडी घालून बसला की त्याला चटकन उठून भांडता येत नाही. आधी गुडघा धरावा लागतो.

गुरुजी आले ते कपाळावर पट्टी घेऊन. परवानगी होती, दोन पोलीस होते. सतरंज्यांवर त्यांच्या गावची थोडी माणसं, आमच्या गावच्या तीन-चार बायका आणि एक म्हातारे आबा. बाकी गाव नाही. पुतण्या आणि त्याचे दोस्त समोर पारावर हाताची घडी घालून उभे. मी माईक घेतला. इतकी वर्षं "हॅलो, माईक टेस्टिंग" याच्यापलीकडे मी त्यात कधी काही बोलले नव्हते. आज बोलले.

"ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी घरी जावं. घोषणा द्यायच्या तर गुरुजी बोलायच्या आधी देऊन घ्या, काळे झेंडे दाखवायचे तर दाखवा, बांबू हवे तर मी देते. मतं देऊ नका, ती तुमची. उत्तर द्यायचं असेल तर गुरुजी थांबले की वर या, माईक उघडाच राहील. पण बोलत्या माणसाच्या अंगावर कोणी हात टाकला तर आज मी तक्रार करीन. नावानिशी. घरचा असला तरी."

पारावरून कोणीतरी म्हणालं, "अक्का, तुम्हीच उभ्या राहा की निवडणुकीला!" लोक हसले. हसणं बरं असतं अशा वेळी.

काळ्या झेंड्यांना बांबू द्यायचं मी उगाच नाही म्हटलं. जळगावला एका बड्या नेत्याच्या सभेला आम्ही कनाती दिल्या होत्या. तिथे दारावर बायांच्या काळ्या ओढण्या काढून ठेवत होते, कोणी निषेध करील म्हणून. माझी छत्रीही काळी, तीही गेली. उन्हात उभी राहून मी विचार करत होते की एवढा मोठा माणूस फडक्याला भितो? आणि इकडे साध्या मास्तराचं डोकं फुटतं तेव्हा तो फक्त म्हणतो, मला बोलू द्या. लोकांना निषेध करू द्यायचा नाही, आणि निषेध करणाऱ्यांनी समोरच्याला बोलू द्यायचं नाही. दोघांचं भय एकच, आपल्या मनाविरुद्धचं कानावर पडेल याचं.

गुरुजींनी जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू केलं. "तर मी म्हणत होतो..." म्हणून. पारावरची मंडळी निघून गेली. मला वाटलं, झालं, गाव ऐकत नाही. पण टेम्पोजवळ गेले तर गल्लीत ओट्या-ओट्यावर माणसं. कोणी दात कोरतंय, कोणी बैलाच्या दोरीला गाठ मारतंय, तीच गाठ पुन्हा पुन्हा. सभेला गेलं नाही म्हणून मानही राहिला आणि ऐकायलाही मिळालं. मी गुपचूप एक भोंगा मैदानाकडून काढून गल्लीकडे वळवला.

शेवटी मी प्रश्न विचारला. "गुरुजी, बोअर थांबवली तर माझी केळी काय माझे उसासे पिऊन वाढेल?"

गुरुजी म्हणाले, "अक्का, याचं पुरं उत्तर माझ्याकडे नाही. ठिबक लावता येईल, वरच्या नाल्यांत पाणी अडवता येईल. पण काही बागा कमी कराव्या लागतील, हे मी लपवणार नाही."

मला ते पटलं नाही. आजही सगळं पटलेलं नाही. पण मतं मागायला आलेला माणूस "माझ्याकडे उत्तर नाही" म्हणतो, हे आमच्या भोंग्यातून मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर दूध घालायला गेले तर तिथे नुसतं पेटलेलं. "मास्तर म्हणे नाल्यात पाणी अडवा. कोणाच्या बापाचा नाला?" "त्याचं ठिबकचं बरोबर हाय रे भो." "काय बरोबर? त्याले केळीतलं काय कळतं?" मी किटली खाली ठेवली. "का रे, तुम्ही तर कोणी सभेला नव्हता!" सगळे एकदम दुधाकडे पाहायला लागले.

त्यानंतर पुतण्या आला. या वेळी आत येऊन बसला.

"काकू, आम्हाले बी सभा घ्यायची हाये. त्या मास्तरच्या एकेक गोष्टीचं उत्तर देतो मी."

"दे की. इसार आण."

"खुर्च्या देशीन?"

"मोडणार नसशील तर."

"आमचीच सभा, आम्ही कायले मोडू?"

"तेच तर मी म्हणते, आपली असली की कोणी मोडत नाही."

तो हसला. त्याचं भाषण बरं झालं, तयारी करून आला होता. मध्येच गुरुजी येऊन मागच्या रांगेत बसले. पट्टी निघाली होती, खूण होती. एकाने त्यांना पाहिलं आणि खुर्ची सरकवून उठला. पुतण्याने स्टेजवरून ते पाहिलं. भाषण थांबवून माईकवरच म्हणाला, "बस रे खाली. ऐकू दे मास्तरले. त्यांच्यासाठीच बोलून रायलो मी."

निवडणुकीत गुरुजी पडले. आमच्या गावात त्यांना जेमतेम मतं पडली, त्यात माझं नव्हतं. मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "ठीक आहे अक्का, प्रश्न तर विचारलात."

लग्न जवळ आलं तसा पुतण्या पुन्हा आला, मान खाली घालून. "काकू, तालुक्याच्या मांडववाल्याले नाही म्हणून सांगतो. पोरगी रडते. तुहाच मांडव घालू."

मनात झालर फडफडली, खरं सांगते. विचारलं, "त्याला इसार दिलास?"

"दिला. राहू दे त्याच्याकडे, बुडला तर बुडला."

"नाही रे बाबा. ज्या रीतीने मी मास्तरांना मांडव दिला, तीच रीत त्यालाही आहे. तुझं कार्य धरलं म्हणून त्याने त्या तिथीला दुसऱ्या कोणाला तरी नाही म्हटलं असेल. आता मांडव त्याचाच."

ह्यांनी कूस बदलली. मला कळलं, त्यांनाही लागलं होतं आणि पटलंही होतं.

लग्नाला मी गेले. पहिल्या रांगेत, दुसऱ्याच्या नावाच्या खुर्चीवर बसले. एक पाय हलत होता तिचा. तालुक्याचा मांडववाला आमच्या ओळखीचा, धंद्यातला माणूस. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, तुमच्या घरचं लग्न आणि मांडव माझा? गावाला काय सांगू मी?"

मी म्हटलं, "सांगा, अक्कांचा मांडव आधीच एका मास्तरांच्या भाषणाला लागला होता. आणि भाऊ, ही खुर्ची बदला. आमच्याकडे असल्या ठेवत नाहीत."