भिंतीतलं गुंतवळ

मीनाबाईलाही कशाचीतरी किळस येऊ शकते, हे सोलापूरच्या मिलिंदनगरातल्या बायकांना ती इटलीहून परत आल्यावर कळलं. एकतीस वर्षं तिनं एका खासगी दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. ओकारी, पू, बाळंतिणींचे कपडे, म्हाताऱ्यांचं अंथरुणातलं सगळं. हात घालताना कधी नाक मुरडलं नाही, आणि तिथंच मोरीपलीकडच्या बाकड्यावर बसून डबा खाल्ला. तीच मीनाबाई शेजारच्या बजाबाईला सांगत होती, "चार दिस तितं माझा जीव नुसता उलटून येत व्हता बघ."

"इमानानं गेलीस आन् ओकत आलीस व्हय?" बजाबाई म्हणाली.

"इमानात काय न्हाय झालं. हाटेलात झालं."

मीनाबाईची लेक संघप्रिया पुण्यात कंपनीत आहे. कंपनीची चार दिवसांची बैठक होती इटलीतल्या पालेर्मो नावाच्या समुद्रकाठच्या जुन्या शहरात. आई गेल्या वर्षीच कामावरून मोकळी झालेली. संघप्रियानं आईचं तिकीट काढलं आणि एकच अट घातली. "आयुष्यभर दुसऱ्यांची अंथरुणं घातलीस. आता चार दिवस तुझं अंथरूण दुसरं कुणीतरी घालू दे. तिथं एका चादरीला हात लावायचा नाही. आपण बुटीक हॉटेलात राहणार आहोत."

मीनाबाईनं बॅगेत दोन ब्लाउजपीस टाकले. सोलापुरात बुटीक म्हणजे बायकांचे कपडे शिवायचं दुकान. चार दिवसात शिवून मिळतील, असा तिचा हिशोब. तिथं पोचल्यावर तिनं ते बाहेर काढले, तेव्हा संघप्रिया हसून हसून पलंगावर पडली. मीनाबाईही हसली. चार दिवसांत दोघी एकत्र हसल्या ते तेवढंच.

हॉटेल म्हणजे कुणा व्यापाऱ्याचं तीनशे वर्षांचं घर. अकरा खोल्या. खोलीच्या तीन भिंती पांढऱ्याशुभ्र आणि पलंगामागची चौथी तशीच उघडी, दगड दिसत होते, सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी.

"गिलावा करायचा ऱ्हायला काय गं?"

"मुद्दाम ठेवलंय, आई. जुनं दिसावं म्हणून."

"आन् ह्याला लोकं लांबनं येत्यात."

अंघोळीला टब होता. आपल्याच मळाच्या पाण्यात बसून राहायचं, या कल्पनेनंच तिला शिसारी आली. तिनं कचऱ्याची बादली घासून घेतली आणि टबात उभं राहून त्या बादलीनंच अंगावर पाणी ओतलं. सकाळी नाश्त्याला गेली तर शेजारच्या टेबलावरच्या बाईचं कुत्रं खुर्चीत बसून बाईच्याच ताटलीत तोंड घालत होतं, आणि बाई तीच ताटली पुढं ओढून खात होती. बशीत कागदासारखं पातळ कच्चं मांस. निळी बुरशी आलेलं चीज. दवाखान्यात पट्टी सोडल्यावर यायचा तसा वास. खिडकीखाली मासळीबाजार. एक बाप्या जिवंत शिंपला उघडून, लिंबू पिळून तसाच गिळताना तिनं बघितला आणि खिडकी लावून घेतली. चार दिवस ती पाव आणि घरनं नेलेल्या शेंगाचटणीवर राहिली.

त्या खोलीत एकच गोष्ट तिला ओळखीची वाटली. ती उघडी भिंत.

वळसंगला, तिच्या गावी, ती लहान असताना बायका केस विंचरल्यावर फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळायच्या आणि ते गुंतवळ भिंतीच्या फटीत खुपसून ठेवायच्या. केस उघड्यावर टाकायचा नाही; उडून कुणाच्या भाकरीत जाईल. वर्षा-सहा महिन्यांनी केसवाली यायची, गुंतवळ घ्यायची आणि सुया, पिना, जास्त असलं तर एखादी वाटी द्यायची. सोलापूरच्या घराला गिलावा असल्यामुळं मीनाबाई पिशवीत साठवते. पण पालेर्मोत पहिल्या सकाळी केस विंचरले, गुंतवळ वळलं, समोर फट दिसली आणि हात आपोआप गेला. दुसऱ्या सकाळीही. जाताना काढून घ्यायचं, एवढं मनाशी ठरवलेलं.

तिसऱ्या दिवशी बैठकीहून संघप्रिया दुपारीच आली. फोन चार्जिंगला लावायला पलंगामागं वाकली आणि ओरडलीच.

"शी! आई, बघ हे."

दोन बोटांच्या चिमटीत तिनं ते लांब धरलं होतं. मेंदीनं तांबडे झालेले, मधूनच पांढरे केस.

"आधीच्या कुणाचं तरी असणार. इतकं घाणेरडं हॉटेल." ते तिनं टेबलावर टाकलं आणि मीनाबाई मोरीतून हात पुसत बाहेर येईपर्यंत खाली फोनही केला. इंग्रजीत, भरभर.

"संघू, ते माझं हाय," मीनाबाई म्हणाली.

"काय?"

"गुंतवळ. मी ठिवलं."

"भिंतीत केस कोण कोंबतं, आई?"

"समदीच कोंबायची. तुझी आजीबी."

दारावर टकटक झाली. मॅनेजर आला होता, कोटातला, आणि त्याच्या मागं खोली झाडणारी बाई. पन्नाशीची, जाड घोट्यांची, हातात काढून धरलेले पिवळे रबरी मोजे. मॅनेजरनं केस बघितले आणि त्या बाईला तिच्या भाषेत बोलायला लागला. आवाज चढवला नाही. बाईनं दोन्ही हात पोटावर धरले आणि नजर फरशीवर ठेवली.

मीनाबाईला दवाखान्यातली एक दुपार आठवली. एकदा एका पेशंटच्या पोरानं चादरीवर घाण केली होती आणि त्या पोराच्या आईनं डॉक्टरांना सांगितलं होतं, आयानं घाणेरडी चादर घातली. तेव्हा तीही अशीच हात पोटावर धरून उभी होती, आणि "चुकलं" म्हणाली होती.

"काय म्हणतुया तो?"

"काही नाही."

"संघू."

"ती नवीन आहे. आधीही एकदा बजावलंय म्हणे. उद्यापासून येऊ नको म्हणतोय."

"मग सांग की त्येला, आईचं हाय म्हणून."

"आई, आता गप्प बस. माझ्या ऑफिसची माणसं याच हॉटेलात उतरलीत. काय सांगू, माझी आई भिंतीत केस लपवते?" आणि मॅनेजरकडं वळून ती गोड हसली.

ते हसणं मीनाबाईच्या ओळखीचं होतं. चादरीवाल्या पोराची आई डॉक्टरांकडं बघून अगदी असंच हसली होती.

मीनाबाईनं अंबाडा सोडला. टेबलावरचं गुंतवळ उचललं, मॅनेजरच्या पुढं जाऊन उभी राहिली आणि ते स्वतःच्या डोक्यावर, मोकळ्या केसांशेजारी धरलं. तांबड्याला तांबडं. मग भिंतीकडं गेली, दुसऱ्या फटीतून आदल्या दिवसाचं गुंतवळ काढलं आणि तेही धरलं. छातीवर हात ठेवून म्हणाली, "मी. ही न्हाय. मी."

मॅनेजर अर्धं पाऊल मागं सरला. संघप्रियाचं तोंड पडलं. मॅनेजरनं तिला काहीतरी विचारलं. तिनं आईच्या हातातल्या केसांकडं बघितलं. मग मान हलवली, हो म्हणून. त्यानं खोली झाडणाऱ्या बाईला कामाला लाग अशी खूण केली, दोन शब्द टाकले आणि निघून गेला.

मीनाबाईला वाटलं होतं, बाई हात धरेल. बॅगेतला एक ब्लाउजपीस तिला द्यावा, असंही मनात आलं होतं. पण बाईनं मोजे घातले, भिंतीकडं बोट केलं, मीनाबाईच्या डोक्याकडं केलं, आणि तोंड सोडलं. चांगलं दोन मिनिटं सोडलं. एका एका फटीत बोट घालून बघितलं, प्रत्येक फटीला वेगळी शिवी दिली आणि बादली आपटत गेली.

"काय म्हणली ती?" इकडं मिलिंदनगरात बजाबाईनं विचारलं.

"शिव्या घातल्या. पर ज्येनं केलं त्येलाच घातल्या."

"आन् पोरगी?"

मीनाबाईनं फणी खाली ठेवली, फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळले.

"चादरी बदलायला कुणालाबी बोलवू नगं, म्हणाली. मंग मीच घातली चादर. ती बघत बसली व्हती." गुंतवळ तिनं पिशवीत टाकलं. "तिला केसाची किळस आल्ती. मला तिच्या हसण्याची आली. अजून जाईना बघ."