मामांचं ‘खंय चललात?’

माझ्या मामेसासऱ्यांच्या समोरून आजवर एकही माणूस ‘कुठे चाललास’ याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे गेलेला नाही. माणूस ओळखीचा असला पाहिजे अशी काही अट नाही. उलट ओळखीचा असला तर एका प्रश्नावर सुटतो. अनोळखी असला की गाव, वाडी, आडनाव, आईचं माहेर आणि जेवण झालं की नाही, एवढी नाकी ओलांडून त्याला जावं लागतं. शिरोड्याला त्यांचं घर अगदी रस्त्याला लागून, आणि समुद्रावर जाणारे पर्यटक त्याच रस्त्याने जातात, त्यामुळे मामांना कधी काम कमी पडत नाही. एकदा मोटारसायकलवरच्या एका तरुणाने समुद्राचा रस्ता विचारायला म्हणून फाटकापाशी गाडी थांबवली. त्याला रस्ता कळला तो पाऊण तासाने, दोन पेले सोलकढी पोटात गेल्यावर, आणि तोवर त्याच्या मावशीचे दीर व मामांचे साडू एकाच शाळेत मास्तर होते हेही सिद्ध झालेलं होतं. पोरगा इतका गोंधळला की समुद्राकडे पाठ करून आल्या वाटेने परत निघाला. मामांनीच हाक मारून त्याला वळवला.

हा त्यांचा स्वभाव की त्यांचा धंदा, यावर घरात कधीच एकमत झालं नाही. मामा एसटीत कंडक्टर होते. शिरोडा ते सावंतवाडी या रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली आणि ‘कुठे जायचंय’ विचारण्यावरच त्यांचं घर चाललं. मामी होत्या तेव्हा सांगायच्या, “अंतरपाट सरलो आणि ह्येंनी माका पयला काय इचारल्यानी? खंय उतारतलंस!” हे खरं असावं असं मला वाटतं, कारण हे ऐकताना मामा कधी रागावत नसत, नुसते पानाचा डबा शोधायला लागत.

गाडीत तिकीट फाडणं हे मामांच्या लेखी दुय्यम काम. मुख्य काम माणसं उतरली की सुरू व्हायचं. उतरणाऱ्याला घ्यायला कोणी आलंय की नाही हे ते दारातून वाकून बघत. कोणी आलेलं नसेल आणि उतरणारी एखादी म्हातारी असेल, किंवा एकटी मुलगी असेल, तर त्याच थांब्यावर उतरणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात तिला देत. “हिका घरापर्यंत सोड.” समोरच्याने मान हलवली की मगच घंटेची दोरी दोनदा ओढून डबल बेल. मान हलेपर्यंत गाडी जागची हलायची नाही, मागे कितीही हॉर्न वाजोत. अशाच एका संध्याकाळी, सगळ्या सावंतवाडीचे दिवे गेलेले असताना, तळ्यापलीकडे मावशीकडे राहून शिकणारी आपली भाची त्यांनी स्टँडवर माझ्या ताब्यात दिली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि त्यांच्या गाडीचा रोजचा उतारू होतो. ती सूचना मी जरा जास्तच मनावर घेतली. आज आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. मान हलवून बसलो होतो, करणार काय?

पुढे नोकरीने आम्हा दोघांना फिनलंडमधल्या एका गावात नेऊन टाकलं. पिशवीत काय आहे हे रस्त्यात थांबवून विचारणाऱ्या मुलखातून मी आलेला, त्यामुळे सुरुवातीला मला तिथे स्वर्गच भेटला. कोणी काही विचारत नाही. बसथांब्यावर माणसं इतकी लांब लांब उभी राहतात की दोघांच्या मधून बैलगाडी जावी. दारावरच्या पाटीवर आडनाव लिहिलेलं असतं, तेवढीच शेजाऱ्याची ओळख. ही माणसं कोरडी आहेत असं मी गावी सगळ्यांना सांगायचो, पण ते काही खरं नव्हे. पहिल्याच हिवाळ्यात मी बर्फावरून सपशेल आडवा झालो, तेव्हा एका उंच माणसाने मला काखेत हात घालून उभं केलं, माझा चष्मा शोधून पुसून माझ्या नाकावर ठेवला आणि अवाक्षर न बोलता तो चालू लागला. हेच शिरोड्याच्या बाजारात घडलं असतं तर बारा माणसं जमली असती, मी कोणाचा कोण हे आधी ठरलं असतं, आणि त्यावरचा वाद मिटल्यावर मला उचललं असतं. दोन्हीकडे उचलतातच. फक्त क्रम वेगळा.

बायकोला दिवस गेले तेव्हा सासूबाईंचे गुडघे एवढ्या लांबच्या प्रवासाला तयार नव्हते, म्हणून मामा आले. तीन महिन्यांचा व्हिसा, म्हणजे बाळंतपणाला महिना राहिलेला असताना त्यांना परत फिरावं लागणार होतं. एका बॅगेत उकडे तांदूळ, सोलं आणि मालवणी खाजं, दुसऱ्या बॅगेत एक सदरा. विमानतळावरून येताना बसमध्ये त्यांना पहिला धक्का बसला. “कंडक्टर नाय? मगे माणसा नीट उतारली काय नाय ता कोण बघता?” मी म्हटलं, कोणी बघत नाही. सगळ्या वाटेवर मग ते स्वतःच बघत होते.

घरात पाय ठेवण्याआधी, जिन्याच्या चौकातच, त्यांनी समोरच्या बंद दाराकडे बोट केलं. “समोर कोण ऱ्हवता?” मी दारावरचं आडनाव वाचून दाखवलं.

“ह्या दाराचा नाव झाला. भितुर माणूस कोण आसा?”

चार वर्षांत बोलायची वेळ आली नव्हती, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. मामांनी बॅगा उचलून आत नेल्या. रात्रीच्या जेवणाला मात्र भात कालवता कालवता म्हणाले, “तू आठवड्याचे तीन दिवस भायरगावी. मी गेल्यावर बायक काय झाला, तर ती कोणाचा दार ठोकतली?”

मी त्यांना समजावलं की इथे दारं ठोकत नाहीत, एक नंबर असतो, तो फिरवला की पाच मिनिटांत गाडी येते.

“गाडी येतली रे झिला. पण माणूस कोण येतलो?”

बायको, म्हणजे मामांची बाय, मान खाली घालून जेवत होती. चार वर्षांत ती या विषयावर माझ्यापाशी एक शब्द बोलली नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरलेले मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले, आणि मला माझी शरम वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी तिच्यासाठी एक दार मिळवण्याचं काम हाती घेतलं. सकाळी साडेसातला ते जिन्याच्या चौकात येऊन, गाडीच्या दारात उभे राहत तसे, कठड्याला धरून उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “व्हेअर गोइंग?” आता आमच्याकडे ‘खंय चललात’ या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर असतं: ‘हंयच’. म्हणजे इथेच. डोक्यावर बॅग, हातात दुसरी, मुंबईची गाडी दारात उभी, तरी माणूस म्हणतो, ‘हंयच.’ खरं उत्तर कोणी देत नाही आणि कोणाला ते नकोही असतं. विचारलं, यातच सगळं आलं. पण फिनलंडमधली माणसं प्रश्न विचारला की त्याचं खरं उत्तर देतात. चौथ्या मजल्यावरच्या बाई थांबल्या, विचार करून म्हणाल्या, “दंतवैद्याकडे. डावीकडची खालची दाढ काढायची आहे.” संध्याकाळी मामा मिठाचं गरम पाणी घेऊन त्यांच्या दाराशी हजर. वरच्या मजल्यावरचा एक तरुण म्हणाला, मैत्रिणीकडे चाललोय, आज आमचं सगळं संपणार आहे. तो परत येईपर्यंत मामा जेवले नाहीत. आल्यावर त्याच्या हातावर खाजं ठेवून त्यांनी त्याची पाठ थोपटली. “जावंदे रे.” त्या पोराला काय कळलं कोण जाणे, पण तो तिथेच पायरीवर बसून सगळं खाजं खाऊन गेला.

दहा-बारा दिवसांनी खालच्या फलकावर एक अतिशय सभ्य सूचना लागली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ जो प्रश्न विचारतात त्याचं उत्तर देणं रहिवाशांवर बंधनकारक आहे काय, अशी पृच्छा तिघांनी केली होती. मी खाली जाऊन माफी मागून आलो. मामांना म्हटलं, आता पुरे. ते म्हणाले, “तिघांनी इचारल्यानी मां? म्हणजे बोलूक लागले.”

समोरचं दार मात्र दाद देत नव्हतं. तिथे एक उंच म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. तिकडे बऱ्याच जणांची रीत आहे की बाहेर पडण्याआधी दाराच्या भोकातून बघायचं आणि जिन्यात कोणी असेल तर ते जाईपर्यंत आत थांबायचं, म्हणजे दोघांनाही अवघडायला नको. त्यांच्या लेखी तो समोरच्याचा मान राखणं आहे. मामांना याचा पत्ता दोन दिवसांत लागला. “तो दाराआड उभो आसता.” मग एका सकाळी ते गृहस्थ बाहेर पडायचे म्हणून दाराआड थांबले आणि मामा घरात जायला तयार होईनात. पंचवीस मिनिटं दोन म्हातारे एका दाराच्या दोन बाजूंना उभे होते. मी स्वयंपाकघरात घामाघूम. शेवटी कडी निघाली. अंगात कोट, डोक्यावर टोपी.

“व्हेअर गोइंग?” मामा म्हणाले.

त्या गृहस्थांनी विचार करून सांगितलं, “कुठेच नाही.”

मामा धावतच घरात आले. आनंद तोंडावर मावत नव्हता. “बाये, गो बाये! ह्यो ‘हंयच’ म्हणता! ह्यो आपलोच!” साऱ्या फिनलंडात कोकणी रीतीचं उत्तर देणारा हा एकच माणूस त्यांना भेटला होता. त्या दिवसापासून रोज हा प्रश्न आणि रोज हेच उत्तर, आणि रोज मामा तितकेच खूश.

सातव्या-आठव्या दिवशी ते प्रश्न विचारून परत आले आणि नुसते बसून राहिले. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, “तो रीतीचा नाय सांगी रे. खराच सांगी होतो. कोट घालता, खाली जाता, टपालाचो डबो बघता नि परत येता. तेका खंयच जावचा नसता.”

त्यानंतर मामांनी त्यांना तो प्रश्न विचारला नाही. ते त्यांच्याबरोबर खाली जाऊ लागले. अंगणातल्या बाकावर दोघं तासभर बसत. यांना फिन्निश येत नाही, त्यांना मालवणी येत नाही, इंग्रजी दोघांचंही बेताचं. दोन मिनिटं गप्प बसले तर घरच्यांनी डॉक्टरला बोलवावं असे आमचे मामा, ते त्या बाकावर तासभर तोंड मिटून बसायला शिकले. कधी ते गृहस्थ थर्मासमधली काळी कॉफी ओतून देत, कधी मामा कागदातलं खाजं पुढे करत. खिडकीतून मला त्यांच्या दोन टोप्या तेवढ्या दिसायच्या.

निघायच्या दिवशी मामा बायकोला घेऊन चौकात आले आणि त्यांनी समोरची घंटी वाजवली. दार उघडल्यावर तिच्या डोक्यावर हात ठेवून, साऱ्या नोकरीत ज्या आवाजात म्हणत आले त्याच आवाजात म्हणाले, “हिका सांभाळून न्या.” भाषांतर करायला मी पुढे झालो, पण मामांनी मला हाताने थांबवलं. त्या गृहस्थांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या पोटाकडे, आणि मान हलवली. मामांनी हात वर करून हवेतली दोरी दोनदा ओढली आणि आपली बॅग उचलली.

महिनाभराने मी दुसऱ्या शहरात असताना भरदुपारी बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिने नंबर फिरवला नाही. ती चौकात गेली आणि तिने समोरचं दार ठोकलं, ते दुसऱ्यांदा ठोकायच्या आत उघडलं. आत, दाराला अगदी लागून, एक खुर्ची मांडलेली होती. खुर्चीवर वर्तमानपत्र, शेजारी बूट, खुंटीला कोट. मी पोहोचलो तेव्हा दिवस कलला होता आणि समोरचे गृहस्थ इस्पितळाच्या व्हरांड्यात ताठ बसलेले होते. “मुलगी,” ते म्हणाले. “दोघी बऱ्या आहेत.” मग त्यांनी कोटाची बटणं लावली, मला काही सुचायच्या आत हात वर करून हवेतली दोरी दोनदा ओढली, आणि गेले.

मुलगी आता पाच वर्षांची आहे. जिन्यात भेटेल त्याला फिन्निशमध्ये ‘कुठे चाललास’ विचारते, आणि आता फलकावर सूचना लागत नाही. समोरच्या घराची एक किल्ली आमच्याकडे होती, आमची त्यांच्याकडे. मामा दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तिचा नाही, त्यांचा विचारत. “समोरचो बरो आसा मां?” गेल्या हिवाळ्यात समोरचे गृहस्थ गेले. फोनवर हे सांगायला जीभ उचलेना, म्हणून चार महिने आम्ही ‘बरे आहेत’ म्हणत राहिलो, आणि मे महिन्यात शिरोड्याला आलो तेव्हा मी फाटकापाशी मामांच्या शेजारी बसून सांगितलं.

मामांनी एवढंच विचारलं, “उतारताना बरोबर कोण होता?”

“बाय होती,” मी म्हटलं. “हात धरून होती. मी होतो. पोरगी होती.”

त्यांनी मान हलवली. मग गप्प बसले, त्या बाकावर बसत तसे. समोरून वाडीतलाच एक जण खांद्यावर जाळं टाकून गेला, आणि मामांनी त्याला काही विचारलं नाही. तो दहा पावलं पुढे गेला, थांबला, आणि मागे वळून फाटकापाशी आला.

“मामानू, बरा नाय काय? इचारलास नाय तां?”

मामांनी टोपी काढून डोळे पुसले. “खंय चललस रे?”

“हंयच,” तो म्हणाला, आणि जाळं खाली ठेवून आमच्याजवळ बसला.