होबार्टकाकांनी न विकलेलं रिव्हॉल्व्हर

माझ्या आईची धाकटी बहीण आर्मिंटा साइझमोर. सगळी दरी तिला मिंटा म्हणते, मी मिंटामावशी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात काढली. केंटकीच्या आमच्या या डोंगरात असं पोर सापडणार नाही, ज्याला तिने मक्याचा पाव वाढला नाही आणि ताट निपटून खाल्लं नाही म्हणून दटावलं नाही. पण तिचा जीव खरा रमायचा रानात. सप्टेंबर लागला, जिन्सेंगची, म्हणजे महागड्या औषधी मुळीच्या रोपाची, पानं पिवळी पडू लागली, की सुट्टीच्या दिवशी ती घरी सापडायची नाही. खुरपं आणि पोतडी घेऊन घरामागचा उतार चढायची. मुळ्या अलगद खणायच्या, रोपाची लाल फळं तिथल्या तिथे मातीत पुरायची, घरी येऊन मुळ्या माळ्यावर वाळत घालायच्या. आजोबांनी तिला हे शिकवलं होतं, आणि फळं न पुरता मुळी नेणाऱ्याला ती चोराहून वाईट मानायची.

डेल्बर्टकाका, म्हणजे तिचे यजमान, होते तोवर ते बरोबर जायचे. त्यांच्या कमरेला सापांसाठी रिव्हॉल्व्हर असायचं. काका गेले आणि त्यांच्या भावाने ते आठवण म्हणून मागितलं. मावशीने देऊनही टाकलं. पुढच्याच वर्षी एका रोपाशी तिने हात घातला, तर पाचोळ्याच्या रंगाचा विषारी कॉपरहेड तिथेच वेटोळं घालून बसलेला. साप निघून गेला. मावशी घरी आली आणि म्हणाली, "चल, होबार्टकडे जाऊ. स्वस्तातलं एखादं बघू."

होबार्ट गॅबर्ड बी-बियाण्यांच्या आणि खिळे-पत्र्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसायचे. काचेच्या फळीआड बंदुका, टेबलावर कानशी आणि तेलाची बाटली. सैन्यातून परतल्यापासून ते बंदुका दुरुस्त करत होते. शेगडीपाशी नेहमीप्रमाणे वायली स्टिडम बसला होता. हा मावशीचा शेजारी. दोघांच्या जमिनीमध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणावरून वर्षानुवर्षांची कुरबुर. खाणीतलं काम सुटल्यापासून तो दुसऱ्यांच्या खरेदीवर मतं देत दिवस काढायचा.

मावशीची नजर एका नव्याकोऱ्या रिव्हॉल्व्हरवर गेली. चांदीसारखं चकचकीत, मुठीला मोत्याच्या रंगाचं प्लास्टिक, आणि तिच्या ऐपतीतलं. तिने ते हातात घेतलं.

"सापाला आरसा दाखवायला बरं आहे," वायली म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. होबार्टकाकांनी मात्र ते रिव्हॉल्व्हर तिच्या हातातून काढून घेतलं आणि घोडा हळूहळू मागे ओढला. मग चक्र दोन बोटांत धरून हलवलं. ते सैल दातासारखं डुगडुगलं. त्यांनी चक्रात उडवलेल्या गोळ्यांची रिकामी टरफलं भरली, एकेक करून सगळ्यांवर घोडा पाडला, आणि टरफलं फळीवर ओतून तिला कडा बघायला लावल्या. काहींवर घोड्याचा खोल ठसा होता, काहींवर नुसता ओरखडा; तिथे खरी गोळी असती तर उडालीच नसती.

मग त्यांनी खणातून दुसरं काढलं. जुनं, पोलादी. वरचा काळा रंग पार उडालेला, लाकडी मूठ तडकून सांधलेली. त्याच्यावरही तेच सोपस्कार केले. चक्र हललं नाही. टरफलांवरचे ठसे सगळे सारखे आणि खोल.

"दिसायला वायलीसारखंच आहे," मावशी म्हणाली.

"म्हणून तर स्वस्तात पडतंय," होबार्टकाका म्हणाले. शेगडीपाशी वायलीने टोपी पुढे ओढून घेतली. मग काका म्हणाले, "स्वस्त ते वाईटच, असं नाही मिंटा. कपात कुठे केलीय ते बघायचं. रंगात केली असेल तर चालेल. मुठीत केली तरी चालेल. पण चाप ओढल्यावर जे हलतं, त्यात केली असेल तर ती वस्तू फुकटही घेऊ नये."

"आणि मला ते चकचकीतच हवं असेल तर?"

"तर दुसऱ्या दुकानात जा. मी तुला विकणार नाही."

मावशीने जुनं घेतलं. काकांनी तिला मागच्या आवारात नेऊन चालवायला लावलं. चाप जड होता, ती कुरकुरली. त्यांनी तिला सांगितलं, की रानात चालताना घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवायचा, म्हणजे आपटलं तरी उडत नाही. आणि एखादी गोळी उडाली नाही, तर नळी निर्धोक दिशेला धरून थोडं थांबायचं आणि मग पुन्हा चाप ओढायचा. चक्र फिरून पुढची गोळी आपोआप समोर येते. रिव्हॉल्व्हरची सारी किंमत त्यातच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच ऑक्टोबरात ती एकटी वर गेली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. ओलसर खडकावरून तिचा पाय घसरला, दोन दगडांमध्ये अडकला, आणि ती पडली तशी घोट्यातून कडकन आवाज आला. पाय सोडवताना तिला भोवळ आली. फोनला आमच्या दरीत रेंज नसतेच. हाका मारून घसा बसला. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, आणि मी त्या दिवशी लेकीकडे शहरात होते.

तेव्हा तिने रिव्हॉल्व्हर काढलं. तीन गोळ्या, मग थांबायचं, मग पुन्हा तीन. रानात अडकलेल्या माणसाची ही खूण आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पण तो खारींच्या शिकारीचा हंगाम. दिवसभर कुठे ना कुठे बार होतच असतात, लक्ष कोण देणार? त्यात गोळ्या डेल्बर्टकाकांच्या खणातल्या, जुन्या, दमट. पहिली उडाली. दुसरी नुसती खट्‌कन वाजली. दुसऱ्या तऱ्हेच्या बंदुकीत फुसकी गोळी आधी हाताने काढावी लागली असती; इथे ती गरज नव्हती. तिने नळी उताराच्या मातीकडे धरली, थांबली, आणि पुन्हा चाप ओढला. उडाली. असं करत करत, मध्ये फुसक्या टाकत, खिशातल्या पुन्हा भरत, तिने तीन-तीनची खूण चालू ठेवली.

खालच्या घळीत, तिच्याच जिन्सेंगमध्ये, वायली स्टिडम गुडघे टेकून खणत होता.

पुढचं त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. पहिला बार ऐकला आणि त्याला वाटलं, मिंटाने आपल्याला पाहिलं. तो पाचोळ्यात पालथा पडला. दुसरा बार झाला, तिसरा झाला, पण गोळी कुठूनच सणसणत आली नाही. मग शांतता. मग पुन्हा तीन. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. खालच्या खाली रस्त्यावर जाऊन कोणाला तरी वर पाठवता आलं असतं आणि चोरीही झाकली गेली असती. तो म्हणतो, ते मनात आलं होतं. पण तो वरच निघाला, आणि घाईत हातातली पोतडी टाकायची राहून गेली.

झुडपं हललेली पाहून मावशीने विचारलं, "कोण ते?"

"मी, वायली. चाप सोड, मिंटा."

तो समोर आला. मावशीने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग पोतडीकडे.

"माझ्या घळीतलं ना?"

"हो."

"फळं पुरलीस?"

वायलीने मातीचे हात विजारीला पुसले. "पुरली," तो म्हणाला. "तुझ्या बापानेच शिकवलंय मलाही."

"मग ती पोतडी इकडे दे. पायाला काहीतरी मऊ बांधायला हवं."

त्याने मुळ्या खिशात कोंबल्या, पोतडी घोट्याभोवती गुंडाळली, दोन फांद्या लावून पट्ट्याने आवळली, आणि तिला पाठीवर घेतलं. खाणीतल्या धुळीने त्याची फुप्फुसं केव्हाच निकामी होत आली होती. थोडं उतरायचा, झाडाला टेकून धापा टाकायचा, पुन्हा उचलायचा. मावशी त्याला सबंध वाटभर कुंपणावरून बोलत राहिली. नंतर मला म्हणाली, बोलले नसते तर रडले असते, आणि त्याच्या पाठीवर मला रडायचं नव्हतं. रस्त्याला लागल्यावर एका ट्रकवाल्याने दोघांना इस्पितळात पोचवलं. डॉक्टरांनी पायात सळई घातली आणि वायलीलाही दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवून घेतलं.

कुबड्यांवर चालायला लागली, तशी ती पहिल्यांदा होबार्टकाकांकडे गेली. आदल्या दिवशी तिने सफरचंदाचा थरांचा केक केला होता; तो मी धरला होता. काका अवघडले. त्यांनी केक घेतला, रिव्हॉल्व्हर साफ करायला घेतलं, आणि काडतुसं कोरड्या डब्यात ठेवत जा एवढंच म्हणाले. मावशी तिथून हलेना. शेवटी म्हणाली, "होबार्ट, त्या दिवशी तू माझं ऐकलं असतंस, तर आज मी नसते." काकांनी मान खाली घातली आणि नळीतून चिंधी ओढत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं.

त्या रविवारी चर्चमध्ये, कोणाला काही सांगायचंय का, असं पाद्रीबाबांनी विचारलं, तेव्हा मावशी कुबडीवर उभी राहिली. तिने देवाचे आभार मानले. होबार्ट गॅबर्डचे मानले. मग म्हणाली, "आणि वायली स्टिडमचे. तो त्या दिवशी जिथे असायला नको होता, तिथेच होता, म्हणून मी आज इथे आहे." सगळं चर्च हसलं. वायली शेवटच्या बाकावर टोपी कुरवाळत बसला होता, तोही हसला.

कुंपण पुढच्या वसंतात दोघांनी मिळून काढून टाकलं. मावशी त्या शरदानंतर पुष्कळ जगली, म्हणजे अजून जगतेच आहे. माझ्या लेकीच्या लग्नात ती नाचली. शाळेतल्या आणखी कितीतरी पोरांना तिने जेवू घातलं. मी जेवणाआधी हात जोडते, तेव्हा मावशी, होबार्टकाका आणि वायली या तिघांची नावं मनात घेतल्याशिवाय माझा घास उतरत नाही.

वायलीला आता उतार चढवत नाही. तो पायथ्याशी ओंडक्यावर बसतो, मावशी वर जाते. ती मधूनमधून हाक मारते आणि तो खालून ओ देतो. मागच्या शरदात एकदा त्याने ओ दिली नाही. मावशी खुरपं टाकून, त्या सळईच्या पायानिशी, धडपडत खाली आली. तो झाडाला टेकून गाढ झोपला होता. तिने त्याला टोपीने बडवून उठवलं आणि मग तिथेच शेजारी बसून दोघांनी डब्यातले बीन्स खाल्ले.