भाच्याची वरात आणि मामाची दोन दारांची लाल गाडी

चहा सांगितलाय ना? मग येईपर्यंत सांगून टाकतो. चहा आल्यावर सांगितलं तर तुम्ही हसणार, अंगावर सांडून घेणार आणि नाव माझं होणार. या प्रकरणात माझं नाव आधीच पुरेसं झालंय.

अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या खरेदी खात्यात माझी सगळी नोकरी गेली. समोर सप्लायर बसतो, गोड गोड बोलतो आणि मी मनातल्या मनात त्याचं प्रत्येक वाक्य उलटं करत असतो. तो म्हणाला "माल तयार आहे", की समजायचं अजून लोखंडसुद्धा आलेलं नाही. तो म्हणाला "परवडत नाही", की समजायचं भरपूर सुटतंय. माणूस बोलेल त्याच्या उलट धरावं, कधीच फसत नाही. हे मी खात्यात नवीन आलेल्या प्रत्येकाला शिकवतो. न विचारता शिकवतो.

तर माझी धाकटी बहीण शोभा. तिचा एकुलता एक मुलगा निखिल, त्याचं लग्न ठरलं. आमचं लग्न बौद्ध पद्धतीचं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, भंतेजी येतात, त्रिशरण-पंचशील होतं, दोघं एकमेकांना हार घालतात, झालं लग्न. एकदम सुटसुटीत. पण त्यात मामाचं काय? शेजाऱ्यांच्या लग्नात बघा, मामा नवरीला घेऊन काय येतो, अंतरपाटाशी काय उभा राहतो, फेटा बांधून इकडून तिकडे काय फिरतो. आमच्या मामाला काम नाही. शेवटी माइकवरून नाव घेतात, मंचावर बोलावून शाल आणि गुलाब देतात. तेवढाच त्याचा मान.

आणि तेवढ्यावरही एकाचा डोळा होता. निखिलचा काका, प्रभाकर. बांधकामाच्या लाइनीत चार पैसे मिळाले, तेव्हापासून हा माणूस खुर्चीवर बसतसुद्धा नाही, स्थानापन्न होतो. घरात बैठक चाललेली, हा म्हणतो, "नवरदेव माझ्या गाडीतून येणार." गाडी म्हणजे पांढरी, सात जणांची, बदलापूरच्या गल्लीत वळत नाही अशी. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडातून निघून गेलं, "नवरदेव स्पोर्ट्स कारमधून येणार. मामाच्या."

शोभाने विचारलं, "दादा, तुझ्याकडे स्पोर्ट्स कार कधी आली?"

मी म्हणालो, "येतेय."

आता शब्द दिला म्हटल्यावर गाडी आणणं आलं. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जुन्या गाड्यांचे एक व्यापारी आहेत, ताराचंदभाई. त्यांच्या वखारीत मागच्या कोपऱ्यात ती उभी होती. दोन दारांची, लालभडक, परदेशातून कधीकाळी आलेली, जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायला आधी गुडघ्यांची परवानगी घ्यावी लागत होती. माझं तिच्यावर मन बसलं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. खरेदी खातं आहे ते.

"ही कशी दिली?" मी विचारलं, जशी कोथिंबीर विचारावी.

ताराचंदभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "ये छोडो दादा. ही तुमच्या कामाची नाही."

"का?"

"धूर मारते. पेट्रोल जेवढं पिते त्याच्यापेक्षा जादा धुआँ देते. शूटिंगवाले घेऊन जातात, ढकलून उभी करतात, फोटो काढतात, वापस. तुम्हाला शादी के लिये पाहिजे ना? मग भाड्याने घ्या, फुलं लावा, गेटपाशी उभी करा. चलाओ मत."

मी कान टवकारले. आमच्याकडे बाजार चालतो कसा? दुकानदाराने मालाची तारीफ करायची आणि गिऱ्हाइकाने नाक मुरडायचं. आमच्या चार पिढ्या उल्हासनगरला कापड घेतायत, आजवर एक दुकानदार म्हणाला नाही की ही पँट पहिल्या धुण्यात विटेल. आणि हा माणूस स्वतःच्याच मालाला नावं ठेवतो? गिऱ्हाइकाचं काम हा करतोय? म्हणजे नक्की कोणीतरी मोठं गिऱ्हाईक लागलंय आणि मला वाटेला लावायचं चाललंय.

मी म्हणालो, "मी घेतली."

ते म्हणाले, "अरे सुनो तो सही." वर मी न मागता त्यांनी भावही उतरवला. मला आणखी काय पुरावा हवा होता? मग त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "दादा, बाद में मला बोलू नका हां." मी त्यांचा चहा प्यायलो आणि मनात म्हटलं, बिचारा हरला.

गाडी हेंद्रेपाड्याला आमच्या सोसायटीत शिरली तेव्हा पोरं मागे ओरडत पळत होती. मला वाटलं, कौतुकाने. तळमजल्यावरच्या आजींनी दार लावून घेतलं आणि खिडकीतून विचारलं, "यंदा डासांची फवारणी लवकर सुरू केली का रे पालिकेने?" सेक्रेटरींनी वरून दोन्ही हातांनी 'पुढे घ्या, पुढे घ्या' केलं. माझी बायको मंदा गॅलरीत उभी होती, वाळत घातलेले कपडे भराभरा ओढत.

"कशी आहे?" मी खालून विचारलं.

"धूर गेला की सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पीयूसी काढायला गेलो. धुराची तपासणी करून दाखला देतात ना, तो नसला तर रस्त्यावर गाडी आणायची सोय नाही. तिथल्या माणसाने नळी सायलेन्सरमध्ये घातली, मशीनकडे बघितलं आणि नळी अशी ओढून काढली जशी काय तिला भाजत होतं. "काका, मशीन नवीन आहे हो. मालक मला धरेल."

मी डोळा बारीक करून म्हटलं, "काय असेल ते सांग ना."

"तेच सांगतोय. इंजिनचं काम करा."

याचंही उलटं केलं आणि त्याच्या खिशाकडे बघत राहिलो. तो खिशात हात घालून उभा राहिला, बराच वेळ. शेवटी मागचे रिक्षावाले हॉर्न मारायला लागले म्हणून निघालो.

मग इक्बालभाई. अंबरनाथचा गॅरेजवाला. हा माणूस स्वतःला मेकॅनिक म्हणवत नाही, डॉक्टर म्हणवतो. म्हणे आखातात शेख लोकांच्या गाड्यांच्या नाड्या बघायचा. इथे मात्र त्याने माझी गाडी झाडाखाली लावली आणि तिच्यावर गॅरेजचं कुत्रं राहायला आलं. मी रोज कारखान्यातून सुटल्यावर जायचो, तो रोज म्हणायचा, "पुर्जा निकला है." कुठून निकला, कुठे पोचला, काही पत्ता नाही. लग्न तोंडावर आलं, शोभाचे फोन सुरू झाले, तेव्हा एकदाचं कार्बुरेटर उघडलं. धुतलं, एक स्क्रू आवळून पेट्रोल कमी केलं आणि काय सांगू, गाडी पीयूसीत पास झाली.

"सुनो साहब," इक्बालभाई म्हणाला. "बडी मुश्किल से सेट किया है. इस स्क्रू को हाथ नहीं लगाने का. और साइलेन्सर में बरसों का काजल जमा पडा है. शादी के बाद लाओ, खोल के साफ कर देंगे. तब तक आराम से."

शादी के बाद लाओ. म्हणजे पुन्हा बिल. मी हसून मान हलवली. ऐकायचं नाही हे तिथेच ठरवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी निखिलला शेजारी बसवून चक्कर मारली. त्यांचं घर कुळगावला, हॉल सोनिवलीच्या बाजूला. म्हणजे मधे उड्डाणपूल आला. धूर नावाला नाही. पण जोरही नावाला नाही. पुलाच्या चढावर गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि मग विचार करायला थांबली. एक पाववाला सायकल हातात धरून चालत चालला होता, तो आम्हाला मागे टाकून गेला. जाताना आत वाकून बघूनही गेला. निखिल उतरला आणि ढकलायला लागला. उद्याचा नवरदेव, हळदीच्या हातांनी मामाची स्पोर्ट्स कार ढकलतोय.

वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाला, "मामा, राग मानू नका. उद्या काकांच्या गाडीतून आलो तर चालेल का?"

खरं सांगतो, मला फार लागलं ते. पोराला मी खांद्यावर घेऊन फिरवलंय. तो अगदी हळू आवाजात विचारत होता, म्हणून जास्त लागलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी अंघोळ केली, नवाकोरा पांढरा जोधपुरी घातला, खाली आलो आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो स्क्रू सैल केला. थोडासा नाही. मनसोक्त केला.

मंदा म्हणाली, "त्या माणसाने हात लावू नका सांगितलं होतं ना?"

"म्हणूनच लावतोय," मी म्हणालो.

गाडी सुरू केली आणि काय गरजली. कुळगावातून निखिलला घेतलं, पुलावर चढवली, एका दमात वर. आरशात बघितलं. मागे प्रभाकरची गाडी यायला हवी होती, तिथे काळा ढग होता आणि ढगातून हॉर्न ऐकू येत होता. आयुष्यात काही सुखं सांगता येत नाहीत. निखिल नाकाला रुमाल लावून काहीतरी म्हणाला. बहुतेक कौतुक असावं.

हॉलच्या गेटपाशी सगळं जमलेलं. बँडवाले, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, हातात फुलांची ताटं, मुलीकडचे वडीलधारे. बरोबर तिथे गाडी खोकली. एक झटका, दुसरा झटका, आणि बंद. मागून धूर येऊन पुढे गेला, गेटमधून आत गेला आणि थेट मंचापर्यंत पोचला. बँडवाल्याचा सूर मधेच तुटला. भंतेजी मात्र डोळे मिटून स्थिर बसले होते, ध्यानात होते की श्वास धरून होते ते कळलं नाही.

नवरदेवाने इथून उतरून सरळ चालत आत जायला काय हरकत होती? काहीही नव्हती. शोभा तेच ओरडत होती, "निखिल, उतर आणि आत चल." पण मामाची गाडी, आणि ती गेटबाहेर बंद पडलेली, हे प्रभाकर बघणार? मी निखिलला म्हटलं, "तू स्टिअरिंगवर ये. चावी फिरव आणि मी सांगितलं की दाब." आणि मी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी वाकलो.

का वाकलो, असं तुम्ही विचारणार. डोळ्यांनी तपासल्याशिवाय माल सोडायचा नाही, ही खरेदी खात्याची शिस्त आहे. आत अंधार दिसला म्हणून आणखी जवळ गेलो आणि म्हणालो, "दाब."

भाचा गुणी आहे. मामाचा शब्द कधी मोडत नाही. त्याने मनापासून दाबलं.

सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. बायका मागे सरकल्या, कुणाच्या साडीला डाग नाही. निखिल गाडीत होता, कपडे दुधासारखे पांढरे. इक्बालभाईने सांगितलेलं बरसों का काजल सगळंच्या सगळं एका माणसाने घेतलं होतं. डोक्यापासून पोटापर्यंत. मला वाटलं मी आंधळा झालो, मग कळलं चष्मा काळा झालाय.

निखिलला घेऊन सगळे आत गेले. लग्न वेळेवर लागणं महत्त्वाचं, ते बरोबरच होतं. मी नळ शोधत होतो. कोणीतरी ओला फडका दिला, त्याने काळं आणखी पसरलं. मुलीकडच्या एका भल्या माणसाने माझा दंड धरला. "चला ड्रायव्हरदादा, गाडीचं मग बघू. आधी दोन घास खाऊन घ्या." आणि मला हॉलच्या मागे बँडवाल्यांच्या पंगतीला बसवलं.

सांगायला हवं होतं ना, की मी कोण? तोंड उघडलं तर काजळी आत गेली. म्हटलं, चेहरा धुतला की सांगू. तोवर पानात भात पडला.

आतून सगळं ऐकू येत होतं. पंचशील झालं, हार झाले, टाळ्या झाल्या. मला भरून आलं, भाच्याचं लग्न मी ढोलकीवाल्याच्या खांद्यावरून ऐकत होतो. आणि मग माइक वाजला, "मुलाच्या मामांनी कृपया मंचावर यावं."

मी भाताचा हात तसाच घेऊन उठलो. नेमके नवरीचे वडील समोर उभे, कोणाला काय कमी-जास्त ते बघत.

"बसा, बसा," ते म्हणाले. "तुम्हाला नाही, मामांना बोलावतायत."

"मीच मामा."

बँडवाले हसले. नवरीचे वडील सज्जन, ते हसले नाहीत, पण गोंधळले. तेवढ्यात शोभा मलाच शोधत मागे आली. त्यांनी तिला विचारलं, "ताई, हे म्हणतात हे मुलाचे मामा आहेत?"

शोभाने माझ्याकडे बघितलं. वरून खाली, मग खालून वर. मग मंचाकडे बघितलं. प्रभाकर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, शाल घ्यायला पायऱ्या चढत होता. माझी बहीण जन्मात खोटं बोललेली नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "ड्रायव्हर आहे. पण अगदी घरच्यासारखा आहे, त्याला गोड जरा जास्त वाढा."