खालानं शिकवलेली ओळ

लग्न होऊन मी पिशोरकडून शहरात आले, तेव्हा शहागंजच्या मागं एका अरुंद गल्लीत आमची खोली होती. नवरा शेंद्र्याला कंपनीत. दिवसभर एकटी, म्हणून भांडी घासता घासता मी मोठ्यानं गायचे. बाप मेंढरं राखणारा. आमच्या घरात हळू बोलायची रीतच नाय. एक दिवस समोरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "ए पोरी, गातीस का बकऱ्या हाकतीस?"

मी काय ऐकून घेणार? "मेंढरं हाकते! तुमचं काय जातं?"

"मेरे कान जाते ना! चल, वर ये."

गेले. तीच माझी खाला; सगळी गल्ली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. निजामाच्या राज्यात या गल्लीतल्या माड्यांवर गाणाऱ्या बायका राहायच्या. खालाची आई त्यांच्यातलीच. मोठमोठ्या घरचे लोक ऐकायला यायचे. बसायचं कसं, बोलायचं कसं हे शिकायला पोरांनाही तिथं धाडायचे म्हणे. राज्य गेलं, शौकीन गेले, मागं उरला नुसता बोभाटा. गाणं कुणाच्या लक्षात राहिलं नाय, माडी मात्र सगळ्यांच्या! आता खाली मोबाइलच्या कव्हरांची दुकानं आहेत.

खाला मला शिकवायची ती भर दुपारी, दार लावून. कितीतरी दिवस एकच ओळ, तो अजून आला नाय एवढ्याच अर्थाची. पण ती एकदा रुसून म्हणायची, एकदा विनवून, एकदा चक्क भांडून. उठायचं नाय, सगळं बसल्या जागी, हातानं आणि डोळ्यांनी सांगायचं. मी लाजून मान खाली घातली की डोक्यात टपली. "कुणाला ऐकवतीस, फरशीला?" इतक्या लाडानं मला कुणीच काही शिकवलं नाय, आईनंसुद्धा नाय.

अट एकच होती. तिचं नाव कुठं घ्यायचं नाय. मुलाचं कपड्याचं दुकान, नात लग्नाची. आजी कुणाची लेक आहे हे कळलं तर सोयरीक मोडेल, याची तिला लई धास्ती. मी शब्द दिला.

मागल्या वर्षी नातीचं ठरलं. मंगनीच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी बायकांच्या खोलीत नातीनंच मला गायला बसवलं. समोर नवऱ्यामुलाकडच्या बायका. आता या गाण्याची एक रीत आहे: चार माणसांत गायचं तर आधी कानाच्या पाळीला हात लावून उस्तादाचं नाव घ्यायचं. खालानंच ती माझ्या हाडात मुरवलेली. माझा हात आपसूक कानाला गेला, आणि तोंड मिटलेलंच राहिलं. अगं बाई, काय करून बसले मी!

नवऱ्यामुलाच्या आजीनं तो हात बरोबर पाहिला. "हां, नाम लो ना बेटी. किसके पास सीखी?"

नाव घ्यावं तर पोरीचं लग्न मोडतं, न घ्यावं तर जिनं शिकवलं तिलाच नाकारायचं. गावाकडचा कुणीतरी मास्तर सांगून टाकावा म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात कोपऱ्यातून खाला बोलली.

"मैं सिखाई इसको. और मेरे को मेरी अम्मी सिखाई, इसी गल्ली में, ऊपर की माडी पे."

खालाच्या सुनेनं उठून खोलीचं दार ओढून घेतलं. नवरी आपल्या आजीजवळ, खालाजवळ गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. नवऱ्यामुलाची आजी सरकून खालासमोर येऊन बसली.

मग म्हणाली, "उस्ताद घर में बैठे हैं, तो शागिर्द को क्या सुनना? आप गाओ ना."

खालाचे डोळे भरले. तिनं मान हलवली. "नक्को. आज हीच गाईल." माझ्याकडं वळून दरडावलं, "पण नाव घेऊन गा. बिना नाम का गाना नक्को मेरे घर में."

मी पुन्हा कानाच्या पाळीला हात लावला आणि सगळ्यांदेखत, जन्मात पहिल्यांदा, माझ्या गुरूचं नाव घेतलं. रडत होते, पण नाव स्पष्ट आलं.